मुकादम कुठल्याच दाव्यात नसतो

दौंड तालुक्यातल्या पाटसच्या नवरा-बायकोचं बिनसलं तर त्यांनी कुठं जायचं, याचं उत्तर १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात असं न्यायालय असायलाच हवं. बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटली तर. म्हणून पुणेकराला शिवाजीनगरच्या इमारतीत समुपदेशक भेटतो आणि पाटसकराला दौंडच्या नाहीतर बारामतीच्या नेहमीच्या कोर्टात, बांधाच्या आणि न वटलेल्या चेकच्या दाव्यांमागे उभं राहून, पुढची तारीख भेटते. समुपदेशकाची खुर्ची तिथं नाही. ती कुणी भरायची आणि भरणाऱ्याने आधी काय शिकून यायचं, यावर पाटसमधल्या एका मामा-भाचीत वाद आहे. मामांची हयात तालुक्यात वकिली करण्यात गेली. भाचीने पुण्यात एमएसडब्ल्यू केलं, कारखान्याच्या आसपास उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, काम केलं, आणि आता एलएलबी करायचं म्हणते. वाद हंगामभर तुकड्या-तुकड्यांनी चालला. इथं तो सलग मांडला आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मामा : दोन वर्षं एमएसडब्ल्यू, आता तीन वर्षं एलएलबी. पाच-साडेपाच वर्षांत माणूस डॉक्टर होतो, पोरी.

भाची : एकदम करता आलं असतं तर केलं असतं. बार कौन्सिलचे २००८चे नियम आहेत ना तुमचे. कायदा शिकताना दुसरा नियमित अभ्यासक्रम चालत नाही. परदेशात दोन्ही पदव्या जोडून देणारी विद्यापीठं आहेत. आपल्याकडे जोडणी आपणच करायची, एकीनंतर दुसरी.

मामा : जोडायचंच कशाला पण? मी काय एमएसडब्ल्यू करून फारकती केल्या? समोर बसलेली बाई काय सांगते ते ऐकायचं, त्यातलं कलमात बसेल तेवढं उचलायचं, अर्ज टंकायचा. उरलेलं तिच्या आईला सांगू दे तिला.

भाची : त्या उरलेल्यातच दावा असतो, मामा.

मामा हसले. मग त्यांनी जे काढलं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं जुना वकील ‘घर मोडू नये’ या बाजूचा असेल आणि एमएसडब्ल्यू झालेली पोरगी कायद्याच्या बाजूची. निघालं उलटंच.

मामा : तुमच्या समुपदेशनाची मला धास्तीच आहे. कौटुंबिक न्यायालयाचा तो कायदाच उघड, चौथं कलम वाच. न्यायाधीश कसे नेमायचे? तर विवाहसंस्था जपण्याची ज्यांना कळकळ आहे असे. म्हणजे खुर्चीवर बसायच्या आधीच माणूस ठरवून आलाय. तेरावं कलम वाच. वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. मग आत राहिलं कोण? नवरा, बायको आणि गोड बोलणारी एक बाई. ती म्हणते, बघा, लेकरांकडे बघा. आणि बाई परत जाते. मार खाल्लेल्या बाईला समजूत नको असते गं. तिला एक माणूस हवा असतो, फक्त तिच्या बाजूचा. तो वकील.

भाची : परत काय फक्त समुपदेशकांनी पाठवलंय? रखमाबाईंना १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, हे मुंबईच्या हायकोर्टानेच सुनावलं. नांदायला येण्याचा दावा अजून हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आहे. वर्षाला किती दाखल करता तुम्ही?

मामा : करतो. नवऱ्याने फी दिली की करतो.

भाची : मग बाजू घेणं म्हणजे फी देईल त्याची बाजू घेणं. मला शिकवलंय ते वेगळं. १९८४ मध्येच टाटा इन्स्टिट्यूटने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत बसलेली सामाजिक कार्यकर्ती, पण पोलीस नाही आणि तडजोड करून देणारी पंचही नाही. बाईच्या बाजूची. समाजकार्य म्हणजे समजूत काढणं, हे तुम्ही कुठं ऐकलंत?

मामा : ऐकलं नाही, बघितलंय.

इथं दोघंही थोडे गप्प झाले, कारण दोघांचंही खरं होतं. मामांनी विषय आपल्या अंगणात नेला. गावाकडे फारकत कशी होते हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. दोन्हीकडची चार माणसं बसतात, स्टॅम्प पेपर येतो, नोटरीचा शिक्का पडतो, आणि ‘आजपासून उभयतांचा संबंध राहिला नाही’ असं लिहिलं जातं. नवरा तो कागद घेऊन दुसरी करतो. कोर्टाच्या हिशेबी त्या कागदाची किंमत सहसा शून्य.

मामा : असा कागद आला तर तुझी समाजशास्त्रं काय करतील?

भाची : शून्य म्हणायच्या आधी थांबतील. हिंदू विवाह कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात रूढीने होणारी फारकत राखून ठेवलीय. त्या समाजात काडीमोडीची रूढी आहे का, कोण देतो, बाईला देता येते का, दुसरा पाट लावता येतो का, हे शोधून काढायचं. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातींच्या रूढी गोळा केल्या, ते पुस्तक १८२७चं. तेव्हा जातिवार नोंदी झाल्यात. आज गावात फिरून मागच्या दोन पिढ्यांच्या फारकती विचारल्या तर रूढी जिवंत आहे की मेली ते कळेल. हे काम वकील करत नाही.

मामा : बरं. केलंस. रूढी सिद्ध झाली. म्हणजे तो कागद खरा ठरला. फायदा कुणाचा?

भाची : ...

मामा : ज्याने दुसरी केली त्याचा. त्याचा दुसरा संसार कायदेशीर झाला आणि पहिलीच्या हातून हुकमाचं पान गेलं. तुझ्या अभ्यासाने. १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने म्हटलं की जात बाईचं लग्न मोडून तिला दुसरं करायला परवानगी देऊ शकत नाही. तिथं रूढी मानली असती तर बाई सुटली असती. इथं मानली तर पुरुष सुटतो. रूढी तीच गं. म्हणून म्हणतो, माहिती कुणाच्याच बाजूची नसते. आधी वकीलपत्र कुणाचं ते सांग, मग रूढी शोध.

माझ्या मते या सगळ्या वादात मामांनी मारलेला हा सर्वांत वजनदार दगड. दोन विद्या एकत्र आल्या की घराचं भलं होतं, असं आपण सहज म्हणतो. घर म्हणजे कोण, हे विचारत नाही. भाचीने तो दगड झेलला नाही, बाजूला झाली, आणि तिला ठाऊक असलेल्या जागी मामांना घेऊन गेली. त्या जागी मामा पाहुणे होते.

भाची : कोयत्याचं सांगते. बीड-नगरकडून टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी टोळी आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, ती जोडप्याला. अंगठा नवऱ्याचा. म्हणजे बायकोचे सहा महिने आधीच विकले गेलेत आणि तिने पैसा बघितलेलासुद्धा नाही. जानेवारीत ती मार खाऊन माहेरी निघून जाते. आता बघा काय होतं. नवऱ्याच्या आधी मुकादम जातो तिच्या माहेरी, जीप घेऊन. म्हणतो, तुमच्या पोरीमुळं कोयता मोडला. पैसे द्या नाहीतर पोरगी द्या. बापाकडे पैसे नसतात. चार दिवसांनी ती परत फडात उभी असते. उद्या तिने कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज केला तर नवऱ्याच्या जबाबात काय येईल?

मामा : ‘अर्जदार स्वखुशीने नांदावयास आली.’

भाची : बघा. तुमचा अख्खा कायदा नवरा, सासू, दीर, नणंद यांच्याभोवती फिरतो. या लग्नाला धरून ठेवणारा माणूस मुकादम आहे आणि तो कुठल्याच दाव्यात नसतो.

मामा : कायदा नाही असं नको म्हणू. उचलीच्या नावाखाली डांबून ठेवत असेल तर १९७६चा वेठबिगारीचा कायदा आहे.

भाची : तो जिल्हाधिकारी आणि प्रांतांकडे. मार खाल्ल्याचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे. पोरीचं वय कमी असताना लग्न झालं असेल तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक. बाई एकच. तिच्या एकाच रात्रीचे तीन तुकडे करून तीन टेबलांवर ठेवायचे, आणि टेबलांनी एकमेकांशी बोलायचं नाही. ते तुकडे शिवणारा माणूस हवा. त्याला उचलीचा हिशेबही कळायला हवा आणि कलमही. म्हणून पाच वर्षं.

मामा : बरं, दौंडला अर्ज टिकतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याचं सत्ताविसावं कलम फार उदार आहे. बाई तात्पुरती राहते तिथं, कामाला आहे तिथंही दाद मागता येते. म्हणजे पाटसची कोपी चालते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत करायचा प्रयत्न, असं बाराव्या कलमातच लिहिलंय.

भाची : आणि साठ दिवसांत कारखान्याचा पट्टा पडतो, हंगाम संपतो. टोळी गावाकडे. समन्स इकडे पाटसला, बाई तिकडे केजला नाहीतर पाथर्डीला. अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज निकाली. कायदा चांगलाय हो मामा, पण तो वर्षभर एकाच घरात राहणाऱ्या माणसासाठी लिहिलाय.

मामांनी हे खोडलं नाही. त्याच कायद्याचं पंधरावं कलम मात्र काढून दाखवलं. मॅजिस्ट्रेटला मदतीसाठी कुटुंबकल्याणाचं काम करणारी व्यक्ती, शक्यतो स्त्री, घेता येते. म्हणजे पाटसच्या बाईसाठीही ती खुर्ची कागदावर आहेच. कौटुंबिक न्यायालय नसल्याने ती गेलेली नाही. ही तरतूद तालुक्याच्या कोर्टांत कितीदा वापरली जाते, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात विचारावं.

पुढचं बोलणं जमिनीवर गेलं. दौंड तालुक्यात ते जाणारच. कालव्याचं पाणी, महामार्ग, आता पाटसहून बारामतीकडे निघणारा पालखी मार्ग. जमिनीचा भाव वाढला की बहिणींची आठवण येते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलेला घोळ मिटवला. तरी हक्कसोडपत्रं होतातच.

भाची : तुम्ही किती लिहिली असतील?

मामा : मोजली नाहीत. दुय्यम निबंधकासमोर मी प्रत्येकीला विचारतो, बाई, राजीखुशीने करतेस ना? ती हो म्हणते. संपलं.

भाची : ती हो का म्हणते?

मामा : भाऊ दुखावू नये म्हणून. साडीचोळीला माहेर राहावं म्हणून. हे सांगायला एमएसडब्ल्यू कशाला लागतं?

भाची : तिथंच थांबता तुम्ही. ती भावनेपोटी सोडत नाही, हिशेब करून सोडते. तिला माहीत असतं की उद्या नवऱ्याने हाकललं तर पोटगीचा अर्ज टाकायला, तारखांना यायला, लेकरांना शाळेत घालायला ती भावाच्याच पडवीत राहणार. हिस्सा मागितला तर ती पडवी गेली. हिस्सा सोडला तर राहील, बहुतेक. म्हणजे हक्कसोड हा तिचा विमा आहे आणि हप्ता म्हणून तिने सगळी जमीन भरलीय. वाईट सौदा आहे, पण वेडेपणा नाही. तुम्ही तिला ‘कायद्याने तुझा हक्क आहे’ म्हणून भाषण दिलंत तर ती ऐकणार नाही. कारण तुमचा कायदा तिला रात्री झोपायला पडवी देत नाही.

मामा : मग तू काय करशील?

भाची : हक्कसोड करूच नका म्हणणार नाही. कागद वेगळा लिहीन. शेती भावाला, पण गावठाणातली एक खोली तिच्या नावावर, वेगळ्या दाराची.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग ते जे बोलले ते भाचीशी नव्हतं, स्वतःशी होतं. हक्कसोडपत्र हा त्यासाठी चुकीचा दस्त. कौटुंबिक व्यवस्थापत्र करावं लागेल. नोंदणी करायची, नाहीतर पुढे पुरावा म्हणून अडेल. गावठाणातल्या घराची नोंद सातबाऱ्यावर नाही, ती ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, आणि मिळकत पत्रिका झाली असेल तर तिथं. भाचीला खोली सुचली होती. वेगळं दार कुठल्या उताऱ्यावर उघडतं ते मामांना ठाऊक होतं. या क्षणी दोन विद्या जोडल्या गेल्या, असं मी म्हणेन. फक्त त्या दोन माणसांत होत्या. मामांनी नेमकं तेच पकडलं.

मामा : बघ, तुला एलएलबी करायची गरजच नाही. मी आहे की. तू बाई समजून घे, मी दस्त लिहितो. एकाच माणसाने दोन्ही कशाला व्हायचं?

भाची : तुम्ही माझे मामा आहात म्हणून ऐकून घेतलंत. दुसऱ्या वकिलाच्या ऑफिसात मी तुमच्या टेबलासमोर बसलेली ‘संस्थेची बाई’ असते. दोन वाक्यांत सांगा म्हणतात. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात गोल्डनवायझरच्या मानवशास्त्राच्या वर्गात जातीवर निबंध वाचला. त्याचा गाभाच लग्न आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि त्यासाठी विधवेचं काय करायचं हा प्रश्न समाजाने कसा क्रूरपणे सोडवला, हे ते मांडतात. तोच माणूस पुढे कायदामंत्री होऊन हिंदू कोड बिल पुढे रेटतो आणि ते अडलं म्हणून १९५१ मध्ये राजीनामा देतो. मधे अर्थशास्त्राच्या पदव्या, ग्रेज इन. एका माणसात दोन्ही नसतं तर ते बिल वारसा-लग्नाच्या कलमांची दुरुस्ती झालं असतं, इतकंच.

मामा : बाबासाहेबांचं नाव काढलंस की माझं तोंड बंद होतं हे तुला माहीत आहे. पण त्यांनी कायदा लिहिला. तू अशील घेणार आहेस. समोर बसलेला माणूस वेगळा. आता मी विचारतो ते नीट ऐक. कोपीत सोळा वर्षांची पोर आहे. लग्न झालंय, दिवस गेलेत. तिला दवाखान्यात जायची भीती वाटते, कारण तिथून पोलिसांना कळतं आणि नवरा आत जातो. २०१७च्या निकालापासून तर लग्नाची ढालही राहिली नाही. ती तुझ्याकडे येते आणि सगळं सांगते. तू कोण म्हणून ऐकलंस?

भाची : पोक्सोच्या एकोणिसाव्या कलमात कुणालाही सूट नाही. कळलं की कळवायचं. न कळवलं तर एकविसाव्याखाली शिक्षा.

मामा : ते कार्यकर्तीचं झालं. वकिलाला अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढता येत नाही, तो पुराव्याच्या कायद्यातला जुना पाया आहे. त्यावर पोक्सो चढतो की नाही यावर वकील भांडतील. पण तुझ्या अंगावर दोन्ही कोट असतील. पोरीला वाटेल ताई आहे, तू म्हणशील वकील आहे, पोलीस म्हणतील संस्थेची आहे. तुझ्या दोन पदव्यांनी तिचा प्रश्न सुटला नाही गं, तो तुझ्या आत येऊन बसला.

भाची : ऐकायच्या आधी सांगायचं, आज मी कोण म्हणून बसलेय ते. आणि ज्या घरात कार्यकर्ती म्हणून गेले, त्या घराचं वकीलपत्र घ्यायचं नाही.

मामा : असं सांगितल्यावर ती बोलेल?

भाची : बऱ्याच जणी नाही बोलणार.

मामा : मग?

भाची : मग तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जायचं, पोलिसांना कळणार हे आधी सांगून, आणि नवऱ्याच्या जामिनासाठी दुसरा वकील तयार ठेवून. बाळंतपण अंगावर काढू देण्यापेक्षा ते बरं. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे?

मामांकडेही नव्हतं. त्यांनी चहा मागवला आणि पोटापाण्याची गोष्ट काढली. ती या विषयावरच्या भाषणांत कधी येत नाही. बार कौन्सिलचा एकोणपन्नासावा नियम सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकर असलेल्याने वकिली करायची नाही. म्हणजे भाचीला सनद वापरायची तर संस्थेचा पगार सोडावा लागेल. पगार ठेवायचा तर सनद गुंडाळून ठेवावी लागेल. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो; पण त्या यादीतल्या वकिलाला मिळणाऱ्या मानधनावर घर चालत नाही.

मामा : जमिनीचे दावे घे चार. त्यावर घर चालव आणि बायकांचे फुकट कर. मी तसंच केलं.

भाची : तुम्ही नांदायला येण्याचे दावे घेतलेत त्यावर.

मामा : तेही घेतले. बारामतीच्या लॉ कॉलेजचा फॉर्म भरलास का?

भाची : आधी सीईटी. अभ्यास चालू आहे. मामा, एक अर्ज बघा ना, संस्थेच्या वकिलांनी केलाय. नवऱ्याच्या मिळकतीच्या शपथपत्रात ‘मजुरी, उत्पन्न अनिश्चित’ एवढंच आहे. रजनेश विरुद्ध नेहा खटल्यानंतर दोन्ही बाजूंनी मिळकत उघड करायला हवी ना?

मामा : हवी. २०२०चा निकाल आहे, पोटगीही अर्जाच्या तारखेपासून. पण उचलीचा कागद कुठाय तुझ्याकडे?

भाची : मुकादमाच्या वहीत.

मामा : मग मुकादमाला साक्षीदार म्हणून बोलव.

भाची : समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवू? तो दिवाळीनंतर इथं, चैत्रात तिकडे.

मामा : कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार ज्याच्या नावावर आहे, त्याचा पत्ता शेतकी विभागाकडे असणारच, करार पत्त्याशिवाय होत नाही. मुकादम त्याच्याच खाली असतो. वकिलांना सांग, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या चौऱ्याण्णवाव्या कलमाखाली तो करार आणि बिलांचे उतारे हजर करायचा अर्ज द्या. वही आली तर आली. नाही आली तरी कोयत्याने किती टन तोडला ते कारखान्याच्या काट्यावर आहे. टनाला दर ठरलेला आहे. गुणाकार तू कर.

भाची : आणि त्यात बायकोने तोडलेला अर्धा टन कुणाच्या मिळकतीत धरायचा?

मामा : हा मुद्दा अर्जात घेतलाय का त्यांनी?

भाची : नाही.

मामा : मग पहिला तोच लिही. आण तो अर्ज इकडे.